आधी भाग मोजा, मग चित्र काढा

निकामी झालेला एखादा रेडिओ किंवा जुना मोबाइल चार्जर दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर उघडा पडलेला तुम्ही पाहिला असेल. त्याच्या पोटात एक हिरवी किंवा तपकिरी पाटी असते. तिच्या एका अंगाला लहान लहान भाग उभे असतात आणि दुसऱ्या अंगाला तांब्याच्या बारीक वाटा पसरलेल्या असतात. हीच ती सर्किट बोर्ड. पूर्वी रेडिओमधले भाग तारांनी एकमेकांना जोडत. तारांऐवजी पाटीवर तांब्याचा पातळ पत्रा ठेवून त्याच्याच वाटा करण्याची कल्पना पॉल आइसलर या ऑस्ट्रियन अभियंत्याने लंडनमध्ये १९३६ च्या सुमारास प्रत्यक्षात आणली. आज तुमच्या हातातल्या घड्याळापासून तापीवरच्या उपसा पंपाच्या नियंत्रकापर्यंत सगळीकडे अशी बोर्ड असते.

ही बोर्ड हल्ली संगणकावर आखली जाते. त्यासाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक ‘लायब्ररी’ असते. ही पुस्तकांची नव्हे, सुट्या भागांच्या चित्रांची लायब्ररी. रोध, धारित्र, ट्रान्झिस्टर, आयसी यांची तयार चित्रे तिच्यात ओळीने मांडलेली असतात. हवे ते उचलायचे, कागदावर ठेवायचे, रेघांनी जोडायचे, की काम झाले! मला मात्र असे वाटते की सर्किट शिकणाऱ्या मुलामुलींनी सुरुवात तयार चित्रे उचलण्यापासून करू नये. निदान एका भागाचे चित्र तरी स्वतः, भाग हातात घेऊन, मोजून काढावे आणि मगच दुसऱ्याच्या चित्रांना हात लावावा. असे का म्हणतो, ते पुढे सविस्तर सांगतो.

एका भागाची दोन चित्रे

प्रथम हे पाहू की लायब्ररीत एका भागाबद्दल नेमके काय लिहिलेले असते.

प्रत्येक भागाची दोन चित्रे असतात. पहिले चित्र म्हणजे चिन्ह. पुस्तकातल्या आकृतीत रोधासाठी नागमोडी रेघ काढतो, ते रोधाचे चिन्ह. चिन्हाला भागाच्या खऱ्या आकाराशी देणेघेणे नसते. कोणता पाय कशासाठी, एवढेच ते सांगते. ५५५ ही आयसी घ्या. सिग्नेटिक्स कंपनीने ती १९७२ मध्ये बाजारात आणली आणि आजही ती आपल्याकडे सहज मिळते. तिला आठ पाय. पहिला पाय ऋण बाजूला, आठवा धन बाजूला, तिसरा बाहेर संदेश देणारा. चिन्ह काढताना आपण आठवा पाय वर, पहिला खाली, तिसरा उजवीकडे असे सोयीने मांडतो, म्हणजे आकृती वाचायला सोपी जाते.

दुसरे चित्र म्हणजे फुटप्रिंट. मराठीत त्याला पाऊलठसा म्हणू या. ओल्या मातीत बैलाचे खूर उमटावेत तसे त्या भागाचे पाय बोर्डवर जेथे उमटतील, तेथे तेवढीच भोके आणि भोकांभोवती डाख धरण्यासाठी तांब्याची वर्तुळे. येथे सोय चालत नाही. येथे मिलिमीटरचा हिशेब असतो.

या दोन चित्रांना जोडणारा दुवा एकच, तो म्हणजे पायाचा क्रमांक. चिन्हातला ३ क्रमांकाचा पाय आणि पाऊलठशातले ३ क्रमांकाचे भोक हे एकच, असे संगणक समजतो. या क्रमांकांत गफलत झाली तर आकृती अगदी बरोबर दिसते, वाटा सुबक दिसतात आणि तयार झालेली बोर्ड मात्र चालत नाही.

संगणक काय तपासतो, काय तपासत नाही

आता तुम्ही म्हणाल, “पण संगणक चुका दाखवतो ना?” दाखवतो. दोन वाटा एकमेकींना चिकटल्या, एखादा पाय न जोडता राहिला, दोन ‘बाहेर देणारे’ पाय एकमेकांना जोडले गेले, तर तो लगेच खूण करतो. परंतु हे सारे तो आपणच दिलेल्या माहितीच्या आधारे करतो. तुम्ही सांगितले की पहिला पाय ‘बेस’ आहे, तर त्याच्या दृष्टीने तो बेसच. टेबलावर पडलेला ट्रान्झिस्टर त्याला दिसत नाही. तुमचे म्हणणे एकमेकांशी जुळते की नाही, हे संगणक पाहतो. ते वस्तूशी जुळते की नाही, हे पाहणे आपले काम आहे.

दोन उदाहरणे देतो. बीसी ५४७ आणि २एन ३९०४ हे दोन ट्रान्झिस्टर दिसायला जुळ्या भावांसारखे. काळे, अर्धगोल, तीन पायांचे. दोघेही एनपीएन जातीचे. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली करून धरले, तर बीसी ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर या क्रमाने येतात आणि २एन ३९०४ चे एमिटर, बेस, कलेक्टर असे. एकाच्या पाऊलठशात दुसरा बसवला तर तो भोकात छान बसतो, डाखही सुरेख लागतो. गंमत म्हणजे तो थोडेफार कामही करतो! एमिटर आणि कलेक्टर उलटे झाले तरी ट्रान्झिस्टर पूर्ण मरत नाही, फक्त त्याचे प्रवर्धन फार कमी होते. म्हणून चूक लपून राहते आणि विद्यार्थी बिचारा बॅटरी, तारा, रोध सगळे बदलत बसतो.

दुसरे उदाहरण पाच व्होल्ट देणाऱ्या नियामकाचे. ७८०५ हा मोठा, पाठीला धातूचा पत्रा असलेला. त्याच्या लेखी बाजूकडून पाहिले तर डावीकडून आत येणारी वीज, ऋण आणि बाहेर जाणारी वीज असा क्रम असतो. त्याचाच धाकटा भाऊ ७८एल०५, ट्रान्झिस्टरएवढा. त्याची सपाट बाजू समोर धरली तर क्रम बरोबर उलटा : बाहेर जाणारी, ऋण, आत येणारी. नावात एका अक्षराचा फरक, कामही तेच, पण पाय उलटे. ‘दोन्ही पाच व्होल्टचेच’ असे म्हणून एकाचे चिन्ह दुसऱ्याला लावले तर काय होईल ते वेगळे सांगायला नको.

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो, हे आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. तेथे जाणकार गिऱ्हाईक नुसते नाव आणि रंग ऐकून सौदा करत नाही. तो घोड्याचा जबडा उघडून दात पाहतो, पायांवरून हात फिरवतो, थोडे चालवून पाहतो. विकणारा खोटे बोलतो असे त्याला वाटते म्हणून नव्हे. वय दातांवरून कळते, नावावरून कळत नाही, एवढेच त्याला ठाऊक असते. सुट्या भागांचेही तसेच आहे.

२.५० की २.५४?

आता मोजमापाकडे वळू. भारतात १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली आणि इंच, फूट हळूहळू मागे पडले. परंतु आयसीचे पाय अजून इंचातच उभे आहेत! जुन्या पद्धतीच्या, दोन ओळींत पाय असलेल्या आयसीच्या दोन शेजारच्या पायांतले अंतर एक दशांश इंच, म्हणजे २.५४ मिलिमीटर असते. समजा, एखाद्याने हे अंतर ‘जवळजवळ अडीच’ म्हणून २.५० मिमी धरले. फरक केवळ ०.०४ मिमीचा. केसाच्या जाडीहूनही कमी. मग एवढ्याने काय बिघडणार?

चाळीस पायांची आयसी घ्या. एका ओळीत वीस पाय, म्हणजे पायांमधली अंतरे एकोणीस. खरी लांबी १९ × २.५४ = ४८.२६ मिमी. आपल्या चित्रातली लांबी १९ × २.५० = ४७.५० मिमी. फरक ०.७६ मिमी. भोकाचा व्यासच साधारण ०.८ मिमी असतो. म्हणजे पहिला पाय नेमका बसवला तर शेवटचा पाय जवळजवळ एका भोकाच्या रुंदीइतका बाजूला पडेल. आठ पायांच्या ५५५ ला मात्र एका ओळीत तीनच अंतरे असतात. तिथे फरक ०.१२ मिमी आणि ती काहीही कुरकुर न करता बसेल. चूक दोन्ही ठिकाणी तीच आहे. एकीकडे ती दिसते आणि दुसरीकडे दिसत नाही, इतकेच.

हाच प्रकार स्क्रूने तार आवळण्याच्या हिरव्या-निळ्या टर्मिनलांचा. त्यांतली काही ५.०० मिमी अंतराची असतात, काही ५.०८ मिमीची. दुकानातल्या डब्यात ती शेजारी शेजारी पडलेली असतात आणि डोळ्यांना फरक कळत नाही. दोन तारांच्या टर्मिनलाला कोणतेही चालून जाते. बारा तारांच्या टर्मिनलात अकरा अंतरे, म्हणून फरक ०.८८ मिमी.

मग ०.०४ मिमीचा फरक ओळखायचा कसा? तुमच्या प्रयोगशाळेतल्या व्हर्नियर कॅलिपरचे लघुतम माप ०.१ मिमी असते. एकच अंतर मोजले तर २.५ दिसेल किंवा २.६ दिसेल, २.५४ कधीच दिसणार नाही. पण युक्ती सोपी आहे. पहिल्या पायाच्या बाहेरच्या कडेपासून शेवटच्या पायाच्या बाहेरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा. त्यातून एका पायाची रुंदी वजा करा. उरलेल्याला १९ ने भागा. दोन वाचनांत मिळून ०.२ मिमीची त्रुटी राहिली असे धरले, तरी एका अंतराच्या वाट्याला सुमारे ०.०१ मिमीच त्रुटी येते. म्हणजे साध्या व्हर्नियरने तुम्ही २.५० आणि २.५४ यांतला फरक ठामपणे सांगू शकता. हेच तत्त्व वापरून आपण वहीच्या शंभर पानांची जाडी मोजून एका पानाची जाडी काढतो.

भोकाचे गणितही मनोरंजक आहे. गोल पायासाठी त्याच्या व्यासाहून ०.२ ते ०.३ मिमी मोठे भोक ठेवतात, म्हणजे पाय सहज आत जातो आणि डाखही आत उतरतो. पण एका ओळीत उभ्या असणाऱ्या जोडणीच्या पिना चौकोनी असतात, प्रत्येक बाजू ०.६४ मिमी. ‘०.६४ ची पिन, मग ०.८ चे भोक पुरे’ असे कोणी म्हणेल. येथे पायथागोरसला विचारा! गोल भोकात चौकोनी पिन जायची तर तिचा कर्ण जायला हवा. कर्ण = ०.६४ × १.४१४, म्हणजे सुमारे ०.९१ मिमी. म्हणून भोक १.० मिमीचे ठेवतात.

आणखी एक सापळा ‘कोठून पाहिले’ याचा. आयसी वरून पाहिली तर खाचेच्या डावीकडून सुरू होऊन पायांचे क्रमांक घड्याळाच्या उलट दिशेने वाढतात. तीच आयसी पालथी करून पायांकडून पाहिली तर क्रम घड्याळाच्या दिशेने दिसतो. जुन्या पुस्तकांत रेडिओच्या व्हॉल्व्हच्या आणि धातूच्या टोपीच्या ट्रान्झिस्टरच्या आकृत्या खालून पाहिल्याप्रमाणे काढलेल्या असत. आकृतीखालची ती बारीक ओळ वाचली नाही, तर सगळी बोर्ड आरशातली होते.

लायब्ररी आधी होती, संगणक मागून आला

कोणाला वाटेल की हे सगळे संगणकाने निर्माण केलेले त्रास आहेत. तसे नाही. संगणकापूर्वी बोर्डचा आराखडा पारदर्शक कागदावर काळ्या चिकटपट्टीने, दुप्पट किंवा चौपट मोठा काढत आणि मग छायाचित्राने लहान करत. मोठे काढल्यामुळे हाताची चूकही त्याच प्रमाणात लहान होई. आयसीच्या पायांसाठी नेमक्या अंतराची वर्तुळे असलेली तयार चिकटचित्रे मिळत. ती चिकटचित्रे म्हणजे त्या काळची लायब्ररीच होती. तेव्हाही चुकीचे चिकटचित्र लावले की बोर्ड वाया जाई.

आजची स्थिती एका दृष्टीने फार चांगली आहे. किकॅड नावाचे सॉफ्टवेअर फ्रान्समधल्या जाँ-पिएर शारा यांनी १९९२ मध्ये लिहायला घेतले. २०१३ पासून जिनिव्हाजवळच्या सर्न या मोठ्या संशोधन संस्थेनेही त्यात भर घातली. ते सर्वांना विनामूल्य मिळते आणि कोणालाही उघडून पाहता येते. त्याच्या लायब्ररीत हजारो भाग आहेत आणि ते जगभरच्या स्वयंसेवकांनी तयार केले आहेत. नवा भाग द्यायचा तर त्याचे नियम ठरलेले आहेत : चिन्ह कसे मांडायचे, भागाचे नाव कसे लिहायचे, निर्मात्याच्या माहितीपत्रकाचा आधार कसा द्यायचा. दिलेला भाग दुसरा कोणीतरी तपासतो, मगच तो आत जातो. पाऊलठशाची फाइल साधी अक्षरांची असते. ती उघडली तर आत भोकाची जागा, व्यास, पॅडचा आकार असे सगळे आकडे मिलिमीटरमध्ये वाचता येतात. त्यात गूढ असे काही नाही.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरणही सांगण्याजोगे आहे. मुंबईच्या आयआयटीत फॉसी नावाचा प्रकल्प चालतो. त्याने तयार केलेले ईसिम हे सॉफ्टवेअर आधी ऑस्कॅड या नावाने ओळखले जाई. त्यात आकृती काढण्यासाठी किकॅडचा आधार घेतला आहे आणि सर्किट कसे वागेल याचे गणित करण्यासाठी एनजीस्पाइसचा. स्पाइस हे मूळ सॉफ्टवेअर १९७३ मध्ये अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठातून आले. एनजीस्पाइस हा त्याचाच वंशज. ईसिममध्ये भागाला चिन्ह आणि पाऊलठसा यांच्याबरोबर तिसरी गोष्ट लागते, ती म्हणजे वागणूक. किती व्होल्ट दिल्यावर किती विद्युतधारा वाहील, हे समीकरणाने सांगावे लागते. लायब्ररीत नसलेल्या अनेक आयसींची वागणूक लहान लहान उपसर्किटांतून मांडून ती ईसिममध्ये घालण्याचे काम वेगवेगळ्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी केले आहे. त्यांनी केलेला भाग आज दुसऱ्या कोणा विद्यार्थ्याला तयार मिळतो. याच आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे बोलके धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहेत. तेव्हा ‘हे सारे परदेशात, इंग्रजीत, आपल्याला काय उपयोग’ असे म्हणण्याचे दिवस गेले.

‘तयार आहे, मग का करायचे?’

येथे एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. हजारो भाग तयार असताना मुलांनी रोधाचा पाऊलठसा काढत बसावे काय? वेळ फुकट नाही का जाणार?

माझे उत्तर असे. रोज लागणारे रोध आणि धारित्र तयार लायब्ररीतून खुशाल घ्या. पण आपल्या भागात मिळणारे सामान पाहा. शहाद्याच्या किंवा नंदुरबारच्या दुकानात जो रिले मिळतो, जे टर्मिनल मिळते, जुन्या टीव्हीतून जो ट्रान्सफॉर्मर काढून मिळतो, तो लायब्ररीत त्याच मापाचा असेलच असे नाही. काही वेळा त्यावर निर्मात्याचे नावही नसते. तेथे मोजण्यावाचून गत्यंतर नाही. आणि नाव सारखे असले तरी भागत नाही. पृष्ठभागावर चिकटवायच्या बारीक रोधाचा ‘०६०३’ हाच आकार घ्या. इंचाच्या पद्धतीत तो १.६ × ०.८ मिमी होतो आणि मिलिमीटरच्या पद्धतीत ०.६ × ०.३ मिमी. नाव एक, आकार दोन!

चुकीची किंमतही सर्वांना सारखी नसते. मोठ्या कारखान्याची पहिली बोर्ड बिघडली तर दुसरी चार दिवसांत येते. खेड्यातल्या विद्यार्थ्याने बोर्ड बाहेरगावाहून करून मागवली तर पैसे एकदाच जमतात आणि विज्ञान प्रदर्शनाची तारीख थांबत नाही. एक भोक चुकले की सगळ्या बोर्ड वाया. ज्याच्याजवळ दुसरी संधी नसते त्याने पहिल्यांदाच नीट मोजणे हेच शहाणपण.

प्रश्न नुसत्या पैशांचाही नाही. तापीवर प्रकाशा आणि सारंगखेडा येथे बॅरेज झाले आहेत आणि काठावरचे शेतकरी पंपांनी पाणी उचलतात. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारे सर्किट आपल्या मुलांचे आवडते. त्यातल्या रिलेला एक पाय ‘एरवी उघडा’ आणि दुसरा ‘एरवी बंद’ असा असतो. पाऊलठशात हे दोन क्रमांक उलटे झाले तर टाकी भरल्यावर पंप बंद होण्याऐवजी सुरू होईल आणि टाकी रिकामी असताना गप्प बसेल. संगणकावरच्या एका आकड्याचा हा परिणाम. (अशा सर्किटचा प्रयोग तुम्ही मात्र बॅटरी आणि लहान दिवा घेऊनच करा. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेशी खेळ नको.)

प्रयोगवहीतले माप आणि कामाचे माप

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिला तिच्याकडे येतो.

अकरावीच्या प्रात्यक्षिकात व्हर्नियर कॅलिपर असतो. विद्यार्थी एका धातूच्या दंडगोलाचा व्यास मोजतात, सरासरी काढतात आणि प्रयोगवहीत लिहितात. तो दंडगोल वर्षानुवर्षे तोच असतो. त्याचे उत्तर गेल्या वर्षीच्या वहीत तयार असते आणि पुष्कळदा तेथूनच उतरवले जाते. मी विद्यार्थ्यांना दोष देत नाही. ज्या मापाचा पुढे कोणालाच उपयोग नाही, ते माप काळजीने का घ्यावे, या प्रश्नाला आम्हा शिक्षकांजवळ समाधानकारक उत्तर नसते.

त्याऐवजी असे करून पाहा. त्याच तासाला प्रत्येक जोडीला बाजारातून आणलेला एकेक वेगळा भाग द्यावा. एकाला टर्मिनल, एकाला रिले, एकाला बटण, एकाला बॅटरीची खोबणी. त्यांनी तो मोजावा, चिन्ह आणि पाऊलठसा काढावा आणि दुसऱ्या जोडीने तो तपासावा. मग तो शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या स्वतःच्या लायब्ररीत ठेवावा. पुढच्या वर्षीची मुले तोच पाऊलठसा घेऊन बोर्ड करतील. येथे उत्तर गेल्या वर्षीच्या वहीत सापडत नाही आणि चुकले तर कोणाची तरी बोर्ड बिघडते. अशा वेळी तीन वाचने का घ्यायची, शून्य त्रुटी का पाहायची, हे सांगावे लागत नाही. दहा वर्षांत अशा एका लायब्ररीत आपल्या बाजारात मिळणारे बहुतेक सगळे भाग जमतील. ते शेजारच्या शाळेलाही देता येतील.

संगणक नाही म्हणून अडू नका. आलेख कागद घ्या आणि भाग दहापट मोठा काढा. २.५४ मिमीचे अंतर कागदावर २५.४ मिमी होईल आणि साध्या पट्टीनेही ते चांगले आखता येईल. ज्या दिवशी संगणक मिळेल त्या दिवशी आकडे तयार असतील. अवघड काम मोजण्याचे असते, टंकण्याचे नव्हे.

एक भाग करताना पाळायच्या गोष्टी थोडक्यात सांगतो.

१. भाग हातात घ्या. त्यावरची अक्षरे भिंगाने वाचा. माहितीपत्रक मिळाले तर ते त्याच निर्मात्याचे आणि त्याच आकाराच्या भागाचे आहे ना, हे पाहा.

२. चिन्ह काढा. प्रत्येक पायाला नाव, क्रमांक आणि काम (आत घेणारा, बाहेर देणारा, वीज पुरवणारा) लिहा. काम लिहिले नाही तर संगणकाची तपासणी आंधळी होते.

३. अंतरे टोकापासून टोकापर्यंत मोजा आणि भागाकार करा. पायाची जाडी मोजा. पाय चौकोनी असेल तर कर्ण काढा. भागाची बाह्यरेषाही काढा, नाहीतर दोन भाग एकमेकांच्या अंगावर चढतील.

४. पहिल्या पायाचे पॅड चौकोनी ठेवा, म्हणजे सुरुवात कोठून ते बोर्डवरही दिसेल.

५. पाऊलठसा मूळ मापात कागदावर छापा. छापताना शेजारी १०० मिमीची एक रेघही छापा आणि ती पट्टीने मोजून पाहा. पुष्कळ छपाईयंत्रे पान बसवण्यासाठी चित्र गुपचूप लहान करतात. रेघ बरोबर असेल तर कागद जाड पुठ्ठ्यावर ठेवून भागाचे पाय त्यात टोचा. पाय ठशांवर पडले तर ठीक.

६. शेवटी लिहा : कोणता भाग, कोठून आणला, कोणी मोजला, कोणी तपासला, कोणत्या तारखेला. मोजणाऱ्याने स्वतःच तपासू नये. आपली चूक आपल्याला दिसत नाही.

ही सहावी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. विज्ञानात कोणाचेही म्हणणे नुसते मोठ्या माणसाचे म्हणून खरे मानत नाहीत. ते कसे मोजले, कोणी पडताळले, हे विचारतात. भागाच्या चित्राखाली सारंगखेड्याच्या एखाद्या विद्यार्थिनीचे नाव आणि तिने घेतलेली मापे असतील, तर ती पडताळता येतात आणि पडताळता येतात म्हणूनच वापरता येतात. नाव-गाव नसलेले सुंदर चित्र मात्र कितीही मोठ्या ठिकाणाहून आले, तरी एकदा कागदावर छापून, पाय टोचून पाहिल्याशिवाय बोर्डवर घेऊ नये.

येत्या सुट्टीत घरातले एक बिघडलेले खेळणे किंवा टॉर्च घ्या. त्यातली बॅटरी काढून टाका, आतले एक बटण सोडवा आणि त्याचे पाय मोजा. दहापट मोठा पाऊलठसा काढून तो मित्राला द्या आणि बटण न दाखवता त्याला विचारा, “यावरून तू बटणाचे पाय किती अंतरावर आहेत ते सांगू शकशील का?” त्याचे उत्तर आणि तुमचे माप जुळले, तर तुमच्या लायब्ररीतला पहिला भाग तयार झाला.